फ्लो स्विच पाइपात कुठे बसवावा, वायरी कशा जोडाव्यात

फ्लो स्विच एकच गोष्ट सांगतो: तो जिथे बसवला आहे तिथून पाणी ठरलेल्या वेगाने पुढे सरकते आहे की नाही. टाकीत पाणी किती आहे, पंपाचा दाब किती आहे, पाणी गरम आहे की गार, यातले काहीही त्याला कळत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीच्या कॉइलला पाणी जाते आहे ना, भोगावती नदीच्या काठावरची मोटर हवा तर ओढत नाही ना, दूध थंड करणाऱ्या चिलरमधून पाणी फिरते आहे ना, हे प्रश्न वेगवेगळे असले तरी उपकरण तेच आणि ते बसवताना होणाऱ्या चुकाही त्याच. नवा स्विच बसवूनही मोटर विनाकारण बंद पडते, अशी एक तक्रार असते. पाणी थांबले तरी मोटर चालूच राहते, ही दुसरी, आणि ती जास्त गंभीर. दोन्हींत उपकरणाला दोष देण्याआधी त्याची जागा आणि जोडणी तपासावी. बहुतेक वेळा खोट तिथेच सापडते.

पाणी थांबले तर काय बिघडणार?

खरेदीआधी या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहावे, कारण जोडणी त्यावरून ठरते.

इंडक्शन भट्टीची कॉइल म्हणजे पोकळ तांब्याची नळी. तिच्यातून वीज जाते आणि आतून पाणी. पाणी थांबले की तांबे तापते, इन्सुलेशन जळते आणि नळीला छिद्र पडू शकते. मग उरलेले पाणी लायनिंगमधून वितळलेल्या लोखंडापर्यंत पोचले, तर क्षणात वाफ होऊन स्फोट होतो. इथे फ्लो स्विच माणसांच्या जिवासाठी असतो.

नदीकाठच्या मोटरीचे नुकसान पैशाचे असते, पण वारंवार होणारे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांतले बरगे काढले, आवर्तन संपले किंवा उन्हाळ्यात पात्र आटले, की फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो आणि पंप हवा ओढतो. कोरड्या पंपाचे सील थोड्या वेळात जळते. सबमर्सिबल मोटर तर भोवतीच्या पाण्यावरच थंड राहते. पाणी नसेल तर वाइंडिंग जाते.

चिलरमध्ये पाणी थांबले आणि कॉम्प्रेसर चालू राहिला, तर बाष्पकातले पाणी गोठून नळ्या फुटतात.

दाबाच्या स्विचवर काम भागत नाही

पुष्कळ ठिकाणी पाइपावर प्रेशर स्विच लावून ‘पाण्याचे संरक्षण’ झाले असे मानले जाते. पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला किंवा कॉइलची नळी गाळाने बुजली, तर पंपाचा दाब पूर्ण असतो, उलट थोडा वाढतोही, आणि पाणी मात्र जागचे हलत नाही. प्रेशर स्विच असल्यास राहू द्यावा, पण त्याला फ्लो स्विचचा पर्याय समजू नये.

कोणता प्रकार घ्यावा

- पॅडल, म्हणजे पातीचा: पाइपात लोंबणारी स्टीलची पाती वाहत्या पाण्याने ढकलली जाते आणि वरच्या पेटीतला मायक्रोस्विच दाबला जातो. स्वस्त, समजायला सोपा, जागेवर दुरुस्त होणारा. शेतीचा पंप आणि कूलिंग टॉवरचे साधे पाणी यांसाठी हाच बरा.
- चुंबकाचा, रीड कॉन्टॅक्टचा: लहान पाइपांना सोयीचा. त्यातला चुंबक लोखंडाचा बारीक कीस धरून ठेवतो आणि फाउंड्रीच्या उघड्या हौदातल्या पाण्यात तो भरपूर असतो. कीस साचला की सरकणारा भाग अडकतो. त्यामुळे तिथे हा प्रकार टाळावा. शिवाय त्याचा कॉन्टॅक्ट नाजूक असतो. मध्ये रिले घ्यावाच लागतो.
- उष्णतेवर चालणारा इलेक्ट्रॉनिक: टोक किंचित तापवून, पाणी ती उष्णता किती नेते यावरून प्रवाह ओळखतो. हलणारा भाग नाही. भट्टीच्या पॅनेलमधल्या डीएम, म्हणजे क्षारमुक्त, पाण्याच्या बंद सर्किटला चांगला. वीज दिल्यावर तयार व्हायला त्याला काही सेकंद लागतात, हे सुरुवातीच्या जोडणीत धरावे लागते.

दुकानात केवळ ‘दोन इंची फ्लो स्विच द्या’ म्हणू नका. कमाल दाब, कमाल तापमान, पाण्यात बुडणाऱ्या भागाचा धातू, कॉन्टॅक्टची व्होल्ट-अँपिअर क्षमता, पेटीचे आयपी रेटिंग आणि तुमच्या पाइपाच्या मापाला स्विच किती लिटरवर चालू व बंद होतो याचा तक्ता, एवढे असलेले माहितीपत्रक मागून घ्या. तक्ता नसलेला स्विच घेऊ नये.

किती पाणी हवे, याचा अंदाज

पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असेल, तर मिनिटाला साधारण इतके लिटर पाणी जाते:

- १ इंच: ३३ लिटर
- दीड इंच: ७९ लिटर
- २ इंच: १३० लिटर
- ३ इंच: २८५ लिटर
- ४ इंच: ४९० लिटर

थंड करण्याच्या कामाला दुसरा हिशेब उपयोगी पडतो. १०० किलोवॅट उष्णता वाहून न्यायची आणि पाणी १० अंशांनीच तापू द्यायचे, तर मिनिटाला सुमारे १४३ लिटर पाणी लागते. पाणी निम्मे झाले की तापमानाची वाढ दुप्पट होते. भट्टी बनवणाऱ्याने किमान प्रवाहाचा आकडा दिलेला असतो आणि स्विच त्यावरच लावावा. हा हिशेब फक्त तो आकडा पटतो का हे पाहण्यासाठी.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. पाइप गरजेपेक्षा मोठा घेतलेला असतो, त्यात पाणी संथ चालते आणि पाती पुरेशी ढकललीच जात नाही. तीन इंची पाइपातून मिनिटाला शंभर लिटर जात असतील, तर स्विचपुरता पाइपाचा तुकडा दीड-दोन इंची करून घ्यावा. स्विचचा स्क्रू सैल करून हा प्रश्न सोडवू नये. त्याचे कारण पुढे सेटिंगच्या भागात येते.

जागा

एल्बो, टी, व्हॉल्व्ह किंवा पंपाचे तोंड ओलांडल्यावर पाणी काही अंतर भोवरे घेत जाते. त्या भोवऱ्यांत पाती थरथरते, कॉन्टॅक्ट दर सेकंदाला जुळतो-तुटतो आणि कॉन्टॅक्टर टकटक वाजतो. म्हणून स्विचच्या आधी आणि नंतर पाइपाच्या व्यासाच्या किमान पाचपट अंतर सरळ ठेवावे. काही उत्पादक आधीच्या बाजूला दहापट मागतात. दोन इंची पाइपाला पाचपट म्हणजे दोन्हीकडे दहा-दहा इंच, चार इंचीला वीस-वीस. जुन्या शेडमध्ये एवढी सरळ जागा सापडत नाही. तरीही पंपाला चिकटून स्विच बसवण्यापेक्षा पाइप थोडा वळवून सरळ तुकडा तयार करणे परवडते.

आडवा पाइप असेल तर स्विच वरून, उभा बसवावा. खालून बसवला तर गाळ त्याच्या बेलोजमध्ये, म्हणजे पातीच्या दांड्याभोवतीच्या घडीच्या सीलमध्ये, साचतो. उभ्या पाइपात पाणी खालून वर जात असेल तरच बसवावा. पातीचे वजन प्रवाहाच्या विरुद्ध पडत असल्याने तिथे सेटिंग नव्याने करावे लागते. पाणी वरून खाली येत असेल तर ती जागा पातीच्या स्विचला चालत नाही.

पाइप पूर्ण भरून वाहत असला पाहिजे. ही अट भट्टीवर सर्वांत जास्त मोडली जाते. कॉइलमधून परतणारे पाणी उघड्या हौदात पडत असेल, तर शेवटचा उताराचा पाइप अर्धाच भरलेला असतो. त्यात वरून लोंबणारी पाती कधी पाण्यात, कधी हवेत. स्विच त्या उताराच्या आधी, पाणी वर चढते किंवा पाइप नक्की भरलेला असतो तिथे घ्यावा.

पुरवठ्याच्या बाजूला बसवावा की परतीच्या? कूलिंगच्या कामाला परतीच्या. पुरवठ्याच्या पाइपात पाणी वाहते आहे एवढ्यावरून ते कॉइलमधून गेले असे सिद्ध होत नाही. मध्येच होज फुटून सगळे जमिनीवर पडत असेल तरी पुरवठ्याचा स्विच ‘सर्व ठीक’ म्हणेल. परतीच्या बाजूचा स्विच पाणी कॉइल पार करून आल्याची साक्ष देतो.

कॉइलचे पाण्याचे मार्ग एकापेक्षा जास्त असतील, तर मुख्य हेडरवरचा एकटा स्विच पुरत नाही. चारांपैकी एक मार्ग बुजला तर एकूण पाणी थोडेच कमी होते. प्रत्येक मार्गावर वेगळा फ्लो स्विच किंवा निदान तापमानाचा स्विच हवा.

शेतीच्या पंपाला स्विच डिलिव्हरीच्या बाजूला, पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांपासून वर सांगितलेले अंतर सोडून बसवावा. सक्शनच्या बाजूला कधीच नको. तिथला प्रत्येक नवा जोड म्हणजे हवा शिरण्याची नवी वाट.

टी, बुश आणि आटे

पातीच्या स्विचचे आटे बहुधा एक इंची असतात. मोठ्या पाइपाला टी आणि रिड्यूसर बुश घेऊन तो बसतो. काम करताना हा क्रम ठेवा:

1. पंप बंद करा, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा, पाइपातला दाब आणि पाणी काढून टाका. गरम पाण्याची लाइन थंड होऊ द्या.
2. पाइपाच्या मापानुसार पाती निवडा. लांब असल्यास उत्पादकाने दिलेल्या खुणेवर कापून कडा घासून घ्या. पाती पाइपाच्या तळाला, बाजूला किंवा टीच्या आट्यांना कुठेही लागता कामा नये.
3. बुश फार खोल किंवा लांब घेऊ नका. पाती वर त्यातच अडकते आणि ‘कायम चालू’ किंवा ‘कायम बंद’ असा स्विच मिळतो.
4. मोठ्या पाइपावर सॉकेट वेल्ड करत असाल, तर आतले वेल्डिंगचे चिकटलेले थेंब घासून काढा. वेल्डिंगच्या वेळी स्विच जागेवर नसावा.
5. टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळा, पहिला आटा मोकळा सोडून. टेपचा लोंबता तुकडा पातीला गुंडाळला जातो.
6. पाना षट्कोनी भागाला लावा. वरची पेटी धरून स्विच पिळला तर आतले जोड हलतात, आणि ही चूक बाहेरून दिसत नाही.
7. अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेने आला की थांबा. बाण जुळवण्यासाठी आटे उलटे सैल करू नका, गळते. एक फेरा पुढे जाता येत नसेल तर काढून टेप कमी-जास्त करून पुन्हा बसवा.

पीव्हीसी पाइपावर धातूचे आटे थेट प्लास्टिकच्या टीमध्ये आवळू नयेत. ती पहिल्याच उन्हाळ्यात चिरते. पितळी आट्यांचा एफटीए (आतून आटे असलेला अडॅप्टर) घ्यावा आणि स्विचचा भार पाइपावर न येता क्लँपवर येईल असे पाहावे. सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण वाळल्यावरच स्विच आत घालावा. स्विचच्या आधी गाळणी असणे केव्हाही चांगले. पंचगंगा नदीच्या पाण्यात जलपर्णीची मुळे आणि पावसाळ्यात गढूळ गाळ येतो, आणि पातीला मुळांचा गुंता बसला की ती हवी तशी परतत नाही.

‘नॉर्मली ओपन’ म्हणजे काय

जोडणीतला सर्वांत जुना गोंधळ हा आहे. पेटीत तीन टर्मिनल असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘नेहमीचे काम सुरू असताना’ असा घेतला जातो आणि वायर उलटी लागते. ‘नॉर्मल’ म्हणजे स्विच टेबलावर पडलेला असताना, म्हणजे पाणी नसताना. एनओ पाणी नसताना उघडा असतो आणि पाणी आले की जुळतो. एनसी याच्या उलट. काही उत्पादक टर्मिनलना रंग किंवा आकडे देतात, काहींचे माहितीपत्रक प्रवाह सुरू असतानाची अवस्था छापते. म्हणून छापील अक्षरांवर न जाता मल्टिमीटर लावून, पाती बोटाने हलवून खात्री करावी.

मोटर किंवा भट्टी चालू राहण्याची परवानगी नेहमी कॉमन आणि एनओ यांतून घ्यावी. पाणी थांबले, वायर तुटली, उंदराने कुरतडली, टर्मिनल सैल झाले, तर चारही वेळा सर्किट उघडते आणि यंत्र थांबते. एनसीवर रिले लावून ‘पाणी नसेल तेव्हा ट्रिप’ अशी जोडणीही कागदावर चालते; पण वायर तुटली की संरक्षण गुपचूप नाहीसे होते. एनसी दिवा किंवा भोंगा लावण्यासाठी वापरावा.

स्टार्टरला जोडताना

फ्लो स्विचमधून मोटरचा करंट कधीही नेऊ नये. त्याचा कॉन्टॅक्ट फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये, सीरिजमध्ये घ्यावा.

शेतीच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये कॉइल बहुधा दोन फेजमध्ये, म्हणजे ४१५ व्होल्टवर जोडलेली असते. बाजारातल्या बहुतेक फ्लो स्विचचे कॉन्टॅक्ट २५० व्होल्टपर्यंतचे असतात. थेट जोडल्यास मोटर काही दिवस चालते, मग ठिणग्यांनी कॉन्टॅक्ट चिकटतो आणि पाणी नसतानाही मोटर थांबत नाही. यावर दोन उपाय आहेत: ४१५/२३० व्होल्टचा लहान कंट्रोल ट्रान्सफॉर्मर घेऊन कॉइल २३० ची करणे, किंवा त्याच ट्रान्सफॉर्मरवर एक मधला रिले घेणे. ट्रान्सफॉर्मरच्या दुय्यम बाजूचे एक टोक अर्थ करावे, दुसऱ्या टोकाला फ्यूज घ्यावा. फ्लो स्विच फ्यूजच्या बाजूला आणि कॉइलचे दुसरे टोक अर्थ केलेल्या बाजूला यावे. मग स्विचची वायर कुठे अर्थ केलेल्या पत्र्याला लागली तर फ्यूज उडतो आणि मोटर थांबते. ती आपोआप चालू होत नाही.

रानात न्यूट्रल मिळत नाही म्हणून अर्थिंगच्या सळईलाच न्यूट्रल करून २३० व्होल्ट घेण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. ती जीवघेणी आहे. अर्थिंग सुकले किंवा वायर तुटली की स्टार्टरच्या पत्र्यावर वीज येते.

कोंबडी आधी की अंडे

पाणी आल्याशिवाय स्विच जुळत नाही आणि स्विच जुळल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. हा पेच सोडवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला साधा आहे. हिरव्या बटणाला समांतर असलेल्या होल्डिंग कॉन्टॅक्टशी फ्लो स्विच सीरिजमध्ये जोडावा. बटण दाबून ठेवले की मोटर सुरू होते. पाणी आले की बटण सोडावे, आता मोटर स्विचच्या भरवशावर चालते. पाणी न येता बोट उचलले तर मोटर थांबते. माणूस जवळ असेल तिथे याहून जास्त काही लागत नाही.

दुसरा मार्ग टायमरचा. शेतीची वीज ठरलेल्या पाळीत, कधी मध्यरात्री येते आणि मोटर ऑटो स्विचवर सोडलेली असते. तिथे ऑन-डिले टायमरचा एनसी कॉन्टॅक्ट फ्लो स्विचला समांतर घ्यावा आणि टायमर मोटरच्या कॉइलसोबत चालू करावा. ठरलेले सेकंद संपले की टायमरचा कॉन्टॅक्ट उघडतो आणि मोटर फक्त फ्लो स्विचवर राहते. वेळ अंदाजाने लावू नका: प्रायमिंग केलेल्या पंपाला स्विचपर्यंत पाणी आणायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि त्यावर पाच-दहा सेकंद जादा ठेवा. ‘असू दे’ म्हणून पाच मिनिटे ठेवणाऱ्याचा पंप पाच मिनिटे कोरडा फिरेल.

या जोडणीत एक सापळा आहे. पाणी न मिळाल्याने मोटर थांबली की टायमरचीही वीज जाते, त्याचा कॉन्टॅक्ट परत जुळतो आणि ऑटो स्विच मोटरला पुन्हा सुरू करतो. रात्रभर मोटर वीस सेकंद चालते, थांबते, पुन्हा चालते. सकाळपर्यंत सील आणि वाइंडिंग दोन्ही गेलेले असतात. त्यामुळे ऑटो स्विच असेल तिथे ट्रिप झाल्यावर अडकून राहणारा रिले हवाच, आणि तो हाताने रिसेट केल्याशिवाय मोटर सुरू होता कामा नये. तयार ड्राय-रन रिले घेत असाल तर ‘मॅन्युअल रिसेट आहे का’ हा प्रश्न आधी विचारा.

भट्टीला जोडताना

सर्व मार्गांचे स्विच एकामागे एक, सीरिजमध्ये घेऊन ती साखळी भट्टीच्या पॅनेलच्या इंटरलॉक टर्मिनलवर द्यावी. प्रत्येक स्विचच्या एनसीवर एक दिवा लावला तर साखळीत पहिल्यांदा कुठे पाणी अडले ते दिव्यावरून कळते. साखळी पॅनेलच्या कोणत्या व्होल्टेजवर चालते ते आराखड्यात पाहूनच स्विच निवडावा.

साखळी तुटली की भट्टीची वीज बंद व्हावी, पाण्याचा पंप मुळीच नाही. दोन्ही एकाच कॉन्टॅक्टरवर जोडलेले असतील तर पाणी थोडे कमी होताच उरलेलेही बंद होते. वीज गेली तरी भट्टीतले १४०० अंशांच्या वरचे लोखंड कॉइलला तासन्‌तास तापवत राहते. फ्लो स्विच वीज तोडतो, पाणी आणत नाही. त्यासाठी उंचावरची इमर्जन्सी टाकी, तिचा सहज हाती येणारा व्हॉल्व्ह आणि जनरेटरवर चालणारा पंप वेगळे हवेत.

पाती क्षणभर हलली तर भट्टी ट्रिप होऊ नये म्हणून दोन-तीन सेकंदांचा विलंब ठेवता येतो. त्याहून जास्त विलंब पॅनेल बनवणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय ठेवू नये.

वायर निवडताना आणि टाकताना:

- दीड चौरस मिलिमीटर तांब्याची, भट्टीजवळ उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशनची केबल घ्या.
- भट्टीच्या वॉटर-कूल्ड केबल आणि बसबारपासून ती लांब ठेवा. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडी कंड्युट तापते आणि इलेक्ट्रॉनिक स्विचला खोटे संकेत जातात. इलेक्ट्रॉनिक प्रकाराला शील्डची केबल वापरा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.
- केबल ग्लँडमध्ये खालून वर शिरू द्या, आधी एक लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळून पेटीत जात नाही.
- धातूच्या पेटीचा अर्थ स्क्रू स्वतंत्र वायरने अर्थिंगला जोडा. पाइप जमिनीत गेला आहे म्हणून तो अर्थ झाला असे धरू नका.
- २४ व्होल्ट डीसी इलेक्ट्रॉनिक स्विचमध्ये तपकिरी वायर अधिक, निळी उणे आणि काळी आउटपुट असते. २३० व्होल्ट लावला तर तो एका क्षणात जातो. त्याने चालणाऱ्या रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड लावा.

सेटिंग आणि चाचणी

नव्या स्विचचा स्क्रू कारखान्यात बहुधा किमान प्रवाहावर लावलेला असतो. घड्याळाच्या दिशेने फिरवला की ट्रिपसाठी लागणारा प्रवाह वाढतो. मूळ खुणेच्या खाली स्क्रू सैल करू नये, कारण मग पाणी पूर्ण थांबले तरी स्प्रिंग पातीला परत आणू शकत नाही. स्विच जुळतो तो प्रवाह आणि तुटतो तो प्रवाह यांत फरक असतो, म्हणून सेटिंग पाणी कमी करत करत, तुटण्याच्या बिंदूवर तपासावे.

प्रवाहमापक नसेल तर २० लिटरची बादली आणि घड्याळ पुरते: बादली १० सेकंदांत भरली तर मिनिटाला १२० लिटर. मोठ्या लाइनला २०० लिटरचे बॅरल घ्यावे.

1. वीज बंद असताना मीटरने पाहा: पाणी नसेल तर कॉमन-एनओ उघडा हवा.
2. पंप सुरू करा. कॉन्टॅक्ट जुळून स्थिर राहिला पाहिजे. फडफड झाली तर जागा चुकली आहे.
3. पुढचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळा. ट्रिप कोणत्या प्रवाहावर झाला ते मोजून पेटीच्या झाकणावर तारखेसह लिहा.
4. मुख्य वीज बंद करून स्विचची एक वायर सोडा, तिचे टोक टेपने झाकून वीज पुन्हा द्या. यंत्र चालू राहता कामा नये.
5. भट्टीवर ही चाचणी रिकाम्या, थंड भट्टीवरच करा. आत धातू असताना पाण्याचा व्हॉल्व्ह आवळून पाहू नये.

फ्लो स्विच सारखा ट्रिप होतो म्हणून कॉमन आणि एनओ यांच्यावर वायरीचा तुकडा टाकून ‘तेवढी हीट काढून घेऊ’ असे म्हटले जाते. तो तुकडा काढायला कोणाला आठवत नाही. महिन्यातून एकदा पेटी उघडून तो आहे का ते पाहणे हे देखभालीचे पहिले काम. त्याच वेळी पातीवरचा गाळ, बेलोजची गळती आणि टर्मिनलचा सैलपणा पाहून घ्यावा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराने पंचगंगाकाठच्या पंपघरांत पाणी भरले होते. पाणी चढू लागले की शेतकरी मोटरी उचलून वर आणतात. स्विच मात्र पाइपावर राहतो. वीज बंद करून, वायरींना खुणा करून तोही काढावा आणि टीला प्लग लावावा. पुराच्या पाण्यात बुडालेला स्विच उन्हात वाळवून परत लावू नये. मायक्रोस्विच बदलावा, इलेक्ट्रॉनिक असेल तर पूर्ण बदलावा.

काम कोणी करावे, तक्रार कुठे करावी

पाइपाचे काम प्लंबर करू शकतो. स्टार्टर किंवा पॅनेलमधला बदल मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांनुसार परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवा. कामानंतर बदललेला वायरिंग आराखडा सहीसह मागून घेण्याचा आग्रह धरा. अर्थिंगसाठी आयएस ३०४३ आणि वायरिंगसाठी आयएस ७३२ हे भारतीय मानकांचे दस्तऐवज आहेत. कामाच्या कोटेशनमध्ये त्यांचा उल्लेख करून घ्यावा.

स्विच सदोष निघाला तर बिल, हमीपत्र आणि माहितीपत्रक हाताशी हवे. शेतीसाठी किंवा स्वतःच्या उपजीविकेच्या लहान वर्कशॉपसाठी घेतलेल्या मालाबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. व्यापारी हेतूने केलेली खरेदी या कायद्यात बसत नाही. म्हणून फाउंड्रीने हमीच्या अटी, बदली मालाची मुदत आणि ट्रिप चाचणी करून देण्याची जबाबदारी खरेदी आदेशातच लिहून घ्यावी. आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.